कागदावरचे अब्बा

सैन्यातून माणूस निवृत्त होतो तेव्हा त्याच्या हातात एक छोटे पुस्तक देतात. डिस्चार्ज बुक. जन्मतारीख, उंची, अंगावरच्या खुणा, भरती कधी झाला, कोणत्या हुद्द्यावर बाहेर पडला, चालचलन कशी, बायकोचे नाव, मुलांची नावे, मिळालेली पदके हे सारे त्यात असते. पुढची तीस-चाळीस वर्षे तो माणूस म्हणजे ते पुस्तक. बँकेत जा, सैनिक कल्याण कार्यालयात जा, कॅन्टीनमध्ये जा, आधी पुस्तक बघतात आणि मग माणसाकडे.

आमचे अब्बा १९६३ साली भरती झाले. चीनच्या लढाईनंतर भरती वाढली होती आणि आमच्या सातारा जिल्ह्यात सैन्यात जाणे ही काही नवलाची गोष्ट नव्हती. ड्रायव्हर म्हणून लागले, १७ वर्षे गाडी चालवली आणि १९८० साली हवालदार म्हणून घरी आले. त्यांच्या पुस्तकातले पदकांचे पान आम्ही भावंडांनी लहानपणी कधी नीट वाचलेच नव्हते. ते वाचले २००६ साली, कॅन्टीनच्या कार्डासाठी कागद जमवताना. रक्षा मेडल १९६५, संग्राम मेडल, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचे मेडल, नऊ वर्षांच्या सेवेचे मेडल. बस्स.

ज्यांना यातले ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगायला हवे. १९६५ च्या लढाईसाठी दोन वेगळी पदके होती. त्या वेळी जो जो सैन्याच्या पटावर होता, मग तो कुठल्याही छावणीत असो, त्याला सर्वसाधारणपणे रक्षा मेडल मिळाले. जो प्रत्यक्ष लढाईच्या क्षेत्रात होता त्याला समर सेवा स्टार. १९७१ चेही तसेच. संग्राम मेडल सर्वांना. पूर्वेच्या आघाडीवर असलेल्यांना पूर्वी स्टार, पश्चिमेच्या आघाडीवर असलेल्यांना पश्चिमी स्टार. १९७१ साली अब्बा आघाडीपासून दूर होते, तेव्हा त्या वेळच्या स्टारचा प्रश्न नव्हता. पण १९६५ चे काय? कागदाच्या हिशेबाने आमचे अब्बा दोन्ही लढायांत मागेच राहिलेले होते.

आम्हाला तर वेगळेच माहीत होते. ८ सप्टेंबर १९६५ ला आपले रणगाडे सियालकोटच्या बाजूने सरहद्द ओलांडून गेले, त्यांच्यामागे दारूगोळ्याच्या गाड्या गेल्या आणि त्यातल्या एका गाडीवर अब्बा होते. वय वर्षे २२. फिलोराच्या लढाईनंतर उसाच्या आणि मक्याच्या शेतांतून रात्री दिवे न लावता गाडी कशी हाकली हे ते सांगत. पूना हॉर्सचे कर्नल तारापोर १६ सप्टेंबरला शहीद झाले ती बातमी गाड्यांच्या रांगेत कशी आली हेही सांगत. तेही कधीतरीच, आम्ही विचारले तर आणि अम्मी समोर नसेल तर.

"अब्बा, तुमचा स्टार कुठाय?" असे आपाने विचारले. अब्बा म्हणाले, "आया नै. यूनिट बदली हो गई थी."

एवढेच. चाळीस वर्षांत त्यांनी एकदाही कुणाला विचारले नव्हते.

पुढचे काम आमचे. माहितीचा अधिकार नुकताच आला होता. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून २००७ साली आम्ही त्यांच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज केला. उत्तर आले की नोंदीप्रमाणे सदर व्यक्तीस सदर पदक देय नाही. नोंद चुकीची आहे असे आम्ही म्हणत होतो आणि ते आम्हाला नोंद दाखवून गप्प करत होते. अपील केले. या वेळी नेमके मागितले: सेवा-नोंदीतील बदल्यांचे पान आणि स्टारचे वाटप ज्या पार्ट टू ऑर्डरने जाहीर झाले तिची प्रत. सैन्यातल्या माणसाचे लग्न, मूल, बढती, बदली, पदक, काहीही असो, ते पार्ट टू ऑर्डरमध्ये छापले गेले तरच घडले. वाचकांपैकी कुणाच्या घरी असा प्रश्न असेल तर त्यांनी "न्याय द्या" असा अर्ज करू नये. ऑर्डरची प्रत मागावी.

२००८ साली प्रत आली. १९६८ ची ऑर्डर, टंकलेली, बाकीच्या साऱ्या नावांवर काळी पट्टी आणि एकच ओळ उघडी. नाव अब्बांचेच. शेख, पुढचे नावही तेच. नंबर मात्र दुसरा.

अब्बांनी चष्मा पुसला, नंबर वाचला आणि हसले. "ये तो छोट्या शेखका नंबर है."

मग सगळे उलगडले. युनिटमध्ये एकाच नावाचे दोघे होते. अब्बा बडा शेख, तो छोटा शेख. छोटा लढाईनंतर, १९६६ साली, शिकाऊ केंद्रातून आलेला. १९६७ मध्ये अब्बांची बदली झाली. १९६८ मध्ये कारकुनाने स्टारची यादी करायला घेतली तेव्हा पटावर त्या नावाचा एकच शेख उरला होता. त्याने त्याचा नंबर टाकला. यात कुणाचा द्वेष नव्हता, कुणाची लबाडी नव्हती. मराठी मुलखातल्या शेखांची, पठाणांची, सय्यदांची नावे इंग्रजीत कशी लिहिली जातात हे आपण सारे भोगतो. एकाच घरात बापाचा शेख एका स्पेलिंगचा, मुलाचा दुसऱ्या. सैन्यात नावाने गोंधळ होऊ नये म्हणून तर नंबर असतो. इथे नंबरच घसरला होता.

आम्ही खूश झालो. पुरावा हाती आला होता. बदल्यांच्या पानावर अब्बा त्या काळात त्याच युनिटात असल्याची नोंद होती. जुने पे-बुक अब्बांच्या ट्रंकेत निघाले. त्यांचे त्या वेळचे कंपनी कमांडर निवृत्त होऊन पुण्यात राहत होते. त्यांनी दोन ओळींचा दाखला सही करून दिला आणि वर चहा पाजला. अर्ज तयार झाला.

अब्बा सही करीनात.

"मेरेकू मिलेगा, तो उसका कटेगा. एक की छाती परसे निकालके मैं लगाऊँ?"

आम्ही समजावले की तो त्याचा नव्हताच. अब्बा म्हणाले, त्याने मागितला नव्हता, त्याला दिला. त्याने तो आपल्या मुलांना दाखवला असेल. आता त्याच्या म्हातारपणी, किंवा तो गेला असेल तर त्याच्या बायकोला, पत्र जाणार की तुमचे पदक चुकीचे होते? धाकट्याने माहितीच्या अधिकारात त्या नंबराची चौकशी केली. ती त्रयस्थ व्यक्तीची खासगी माहिती आहे असे उत्तर आले, आणि ते कायद्याला धरूनच होते. छोटा शेख बिदरकडचा एवढेच अब्बांना आठवत होते. एक वर्ष अर्ज फडताळात पडून राहिला.

त्या वर्षात दुसरीही एक गोष्ट घडली. गावात बातमी फुटली होती. एक पुढारी घरी आले. स्टार मिळाला की २६ जानेवारीला सत्कार करू म्हणाले, फलकावर काय लिहायचे तेही ठरवून आले होते: 'देशभक्त मुस्लिम जवान'. अब्बांनी त्यांना चहा दिला आणि मराठीत विचारले, "मग गावातले बाकीचे मुसलमान कोण आहेत?" पुढारी पुन्हा आले नाहीत.

आमच्यातही यावरून वाद झाले. १९९२-९३ नंतर वाढलेली पिढी आमची. थोरल्याचे म्हणणे होते की असा कागद घरात असलेला बरा, उद्या उपयोगी पडेल. आपा म्हणायची, ज्याला मानायचे नाही तो कागद बघूनही मानणार नाही. पुढे २०१९ च्या मे महिन्यात आसामातल्या मोहम्मद सनाउल्लाह या निवृत्त सैनिकाची बातमी आली. तीस वर्षे सैन्यात काढलेल्या माणसाला विदेशी ठरवून गोलपाडा इथल्या स्थानबद्धता केंद्रात ठेवले, जूनमध्ये गुवाहाटी उच्च न्यायालयाने जामीन दिला तेव्हा ते बाहेर आले. तेव्हा आपाने थोरल्याकडे नुसते पाहिले. पण थोरल्याचेही खोटे नव्हते. जामीन मागायलासुद्धा कागदच लागतात.

स्टारला पैसा नाही. शौर्यपदकाला भत्ता असतो, मोहिमेच्या पदकाला नाही. म्हणून शेजारीपाजारी विचारत, "कशाला एवढी यातायात?" त्याचे उत्तर आम्हाला त्या वेळी धड देता येत नसे. आज देता येईल असे वाटते. दख्खनी मुसलमान ब्रिटिशांच्या काळात मराठा पलटणींतून मराठ्यांच्या खांद्याला खांदा लावून लढले. पहिल्या महायुद्धात याच पलटणी मेसोपोटेमियात होत्या, कुतच्या वेढ्यात उपाशी राहिल्या, २९ एप्रिल १९१६ ला कैद झाल्या. आमच्या भागातली म्हातारी माणसे त्या लढाईला 'बसरा' एवढेच म्हणत. त्या बसऱ्याच्या स्मारकावर गोऱ्या सैनिकांची नावे कोरली आणि हिंदी शिपायांची पलटणवार नुसती संख्या. २०२१ च्या एप्रिलमध्ये कॉमनवेल्थ युद्धस्मशान आयोगाने अहवाल काढून अशा वागणुकीबद्दल माफी मागितली; निदान १ लाख १६ हजार माणसांची, बहुतांशी पूर्व आफ्रिकी आणि इजिप्ती, नावे कुठेच कोरली गेली नसावीत असा त्यांचाच अंदाज होता. शंभर वर्षांनी माफी मागितली म्हणून नावे आपोआप सापडत नाहीत. ज्याचे नाव ज्या दिवशी लिहायचे राहिले ते त्याच्या हयातीत लिहून घ्यावे लागते. नंतर सांगणारा कुणी उरत नाही. निवृत्तिवेतन नसलेल्या शिपायाची तर सेवा-कागदपत्रेही पंचवीस वर्षांनी नष्ट करतात.

शेवटी अब्बांनीच तोड काढली. अर्जाच्या तळाशी एक वाक्य घालायचे, तरच सही: 'याच नावाच्या दुसऱ्या जवानाच्या नोंदीबद्दल माझी काही तक्रार नाही, त्याचे जे आहे ते तसेच राहू द्यावे.' ओळखीच्या वकिलांनी हे वाक्य कायद्यात बसत नाही, उलट अर्ज कमजोर होईल असे सांगितले. आम्ही ते घातले. २००९ चा तो अर्ज.

मग दोन वर्षे पत्रांची ये-जा. या खटाटोपात एक भलतेच हाती लागले. रेकॉर्डमध्ये अम्मीचे नाव चुकले होते. माहेरचे अर्धे नाव, सासरचे आडनाव, मधले बी गायब. स्टार राहिला असता तर कुणाचे जेवण अडले नसते, पण हे राहिले असते तर अब्बांच्या माघारी अम्मीची पेन्शन अडली असती. प्रतिज्ञापत्र केले, वर्तमानपत्रात जाहिरात दिली, दोघांचा एकत्र फोटो काढला. त्या फोटोत अम्मी जन्मात पहिल्यांदा अब्बांच्या शेजारी खुर्चीवर बसली. पार्ट टू ऑर्डर निघाली, तिच्या आधारे अलाहाबादच्या पेन्शन कार्यालयातून दुरुस्तीपत्र आले. २०१६ साली अब्बा गेले तेव्हा अम्मीला बँकेत दोनच खेपा घालाव्या लागल्या. ओळखीच्या दोन-तीन घरांत ही नावे आम्ही आता तपासायला लावली आहेत; एकीकडे बायकोच्या जागी चक्क बहिणीचे नाव निघाले.

स्टारची दुरुस्ती २०११ मध्ये जाहीर झाली. एका ओळीची ऑर्डर. छोट्या शेखचे काय झाले, त्याचे कापले की राहिले, याचा तीत उल्लेख नव्हता. अब्बांनी ती तीनदा वाचली, मागची बाजू उलटून पाहिली.

पदक यायला आणखी दोन वर्षे लागली. शिल्लक नाही असे कळवत होते. धाकटा म्हणाला, छावणीच्या बाजारात शिंप्याकडे हुबेहूब मिळते, शंभर-दोनशे रुपयांत आणून देतो. अब्बांनी हात जोडले. २०१३ च्या पावसाळ्यात रजिस्टर पोस्टाने छोटा खोका आला. पदकावर ज्याचे त्याचे नाव आणि नंबर कोरलेले असते. आम्ही भिंग घेऊन बसलो. शेखचे स्पेलिंग पुन्हा वेगळेच होते. थोरला लगेच म्हणाला, परत पाठवू, अर्ज करू.

अब्बांनी ते हातात घेतले आणि नंबर एकेक अंक करून मोठ्याने वाचला. बरोबर होता. "रहने दो," ते म्हणाले. मग थोडे थांबून दुसरा एक नंबर त्यांनी तसाच, सलग, न अडखळता म्हटला. तो छोट्या शेखचा होता. आपाने तो डिस्चार्ज बुकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर लिहून घेतला.