रपेट

'घोड्यावर बसून आलात काय?' असे मराठीत विचारतात ते घाई करणाऱ्याला. 'घोडामैदान जवळच आहे' म्हणजे कसोटीची घटका जवळ आली. 'वरातीमागून घोडे' म्हणजे वेळ टळून गेली. भाषेतला घोडासुद्धा वेळेच्या विवंचनेतून सुटलेला नाही. आमच्या सातारा-सांगलीकडे तर शर्यत हा जिव्हाळ्याचा विषय. बैलांच्या शर्यतींवर सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली बंदी आणली, २०२३ साली त्याच न्यायालयाने राज्याचा कायदा वैध ठरवला. माणसांची शर्यत त्या वर्षांतही थांबली नव्हती: आधी आमचे गुण, मग पगार, पुढे मुलांचे क्रमांक.

पन्नाशीनंतर आम्ही घोड्यावर बसू लागलो, ते पाचगणीच्या टेबललँडवर. पूर्वी स्वतःचा घोडा आणणारा तो शिलेदार, सरकारी घोड्यावरचा तो बारगीर. आम्ही भाड्याच्या घोड्यावरचे बारगीर; मोहीम मात्र कुठलीच नाही. पहिल्या दिवशी दहा-बारा वर्षांची एक मुलगी दुडक्या चालीने पुढे निघून गेली, तेव्हा आमच्या टाचा आपोआप आवळल्या. ती खोड पुरती गेली आहे असे नाही. पण आता लगाम सैल राहतो आणि जांभ्याच्या पठाराखाली पसरलेले कृष्णेचे खोरे दिसते. हीच कृष्णा पुढे आमच्या सांगलीला येते.

अशा फिरण्याला मराठीत शब्द आहे, रपेट. निघालो तिथेच परत यायचे, आणि कितवे आलो हे कुणी विचारायचे नाही.