पडद्यामागचे काम

विवाहपूर्व चौकशीचा अर्ज भरताना व्यवसायाच्या रकान्यापाशी आमची लेखणी थबकली. "फादर, बॅकएंड इंजिनिअर लिहा," समोरचा तरुण म्हणाला. सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान शिकलो. हा शब्द तेथे कानी पडला नव्हता. म्हणजे काय, असे विचारताच तो म्हणाला, "मोबाईलवर दिसते ते काम दुसऱ्याचे, बटण दाबल्यावर मागे जे घडते ते माझे. एका खात्यातून पैसे वजा झाले आणि दुसऱ्यात जमा होण्याआधी यंत्र बंद पडले, तर? दोन्ही नोंदी व्हायला हव्यात, नाहीतर एकही नको."

शेजारची वधू हळूच म्हणाली, "फादर, रात्री दोन वाजताही ह्याचा फोन वाजतो. लग्नानंतर कसे व्हायचे?" तो निरुत्तर झाला. अर्ज त्या दिवशी अपुराच राहिला.

निघताना त्याने जिम ग्रे हे नाव सांगितले आणि आम्ही त्यांच्याविषयी वाचू लागलो. १९४४ साली सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेल्या ग्रे यांनी बर्कली येथे १९६९ मध्ये डॉक्टरेट मिळवली. पुढे आयबीएम, टँडम, डेक आणि मायक्रोसॉफ्ट येथे त्यांनी काम केले. संगणकावरील व्यवहार भरवशाचे कसे करावेत, हा त्यांचा ध्यास. त्यासाठी १९९८ चा ट्युरिंग पुरस्कार त्यांना लाभला.

आम्ही चकित झालो ते त्यांच्या १९८१ च्या निबंधाने. व्यवहाराची कल्पना समजावताना त्यांनी चक्क ख्रिस्ती विवाहविधीचा दाखला दिला आहे. धर्मगुरू प्रथम कोणाची हरकत आहे काय ते विचारतो, मग वधूवरांची संमती घेतो; दोघांचा होकार आला तरच विवाह झाल्याचे जाहीर करतो. संगणकही आधी प्रत्येकाला "तयार आहेस ना?" असे विचारतो. सर्वांचा होकार आल्यावरच निर्णय कायमचा नोंदवतो. मध्येच वीज गेली, तरी ती नोंद वाचून यंत्र पुन्हा उभे राहते. इतकी वर्षे वेदीसमोर जे प्रश्न आम्ही विचारीत आलो, त्यांचे मोल एका संगणकतज्ज्ञाने आम्हाला नव्याने दाखविले.

२८ जानेवारी २००७ रोजी आईची रक्षा सागरात विसर्जित करण्यासाठी ग्रे एकटेच शिडाच्या बोटीने फॅरलॉन बेटांकडे निघाले. ते परतले नाहीत. हजारो स्वयंसेवकांनी उपग्रहचित्रे न्याहाळली. मागमूस लागला नाही. २०१२ मध्ये न्यायालयाने त्यांना मृत घोषित केले. व्यवहार अधांतरी राहू नयेत म्हणून ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांच्या घरच्यांना पाच वर्षे अधांतरी काढावी लागली.

पुढच्या भेटीत आम्ही तरुणाला हे सांगितले आणि म्हणालो, "बाळा, रात्रीचा फोन आम्हालाही उठवतो. कोणी अत्यवस्थ असेल तर जावेच लागते. तुलाही जावे लागेल. पण घरी असशील तेव्हा पूर्ण घरी ऐस. होकार अर्धा देता येत नाही, हे तुझेच शास्त्र सांगते."

त्याने वधूकडे पाहिले. रात्रीची जबाबदारी सहकाऱ्यांत आळीपाळीने वाटून घेण्याचे ठरल्याचे त्याने सांगितले. ती हसली. आम्ही तो रिकामा रकाना भरला.