बागेतला मुका खांब



छाटणीला आज २२ दिवस झाले. घड दिसायला लागलेत. रात्री ढग, पहाटे पानांवर पाणी. द्राक्षवाल्यांना पुढचं सांगायला नको, डाऊनीचंच वातावरण आहे.

दुसऱ्या ओळीच्या टोकाला माझा हवामानाचा खांब उभा आहे. वर सोलर पॅनल, पान किती तास ओलं राहिलं ते मोजणारा सेन्सर, आत सिमकार्ड. चार वर्षांपूर्वी ४२ हजाराला घेतला. दोन हंगाम चांगला चालला, खोटं बोलणार नाही. तिसऱ्या वर्षी असंच वातावरण असताना ॲपवर तीन दिवस 'धोका कमी' एवढंच दिसत होतं. मी फवारणी लांबवली. नंतर कळलं, कंपनी बंद पडली होती, सर्व्हर गेला होता आणि ॲपवर जुनंच चित्र अडकून बसलं होतं. अर्ध्या एकरातले घड गेले. चूक त्यांची तशी माझीपण. पानं डोळ्यासमोर ओली होती आणि मी मोबाईल बघत होतो.

माझा मावसभाऊ त्या डॉट कॉमच्या काळात कॅलिफोर्नियात नोकरीला होता. खांबाचा फोटो पाठवला तर म्हणाला, "आमच्याकडं असे खांब रस्त्यारस्त्यावर होते."

त्यानं सांगितलं ते मेट्रिकॉम कंपनीचं. १९८५ ला सुरू झाली तेव्हा काम होतं विजेचे मीटर वायरलेसनं वाचायचं. पुढं तिनं 'रिकोशे' नावाची इंटरनेट सेवा काढली. रस्त्यावरच्या दिव्यांच्या खांबांना बुटाच्या खोक्याएवढे रेडिओ लावले. वीज दिव्याचीच. एका खोक्याकडून दुसऱ्याकडं असा माहितीचा प्रवास. आज वायफाय म्हणतो ते घराघरांत नव्हतं, तेव्हा लोक बागेत बसून लॅपटॉपवर इंटरनेट वापरत होते. २००० साली वेग १२८ केबीपर्यंत नेला, टेलिफोनच्या मोडेमच्या दुपटीहून जास्त. पण शहरामागून शहर जोडायला पैसा पाण्यासारखा गेला आणि गिऱ्हाईक जमलं जेमतेम ५० हजार. जुलै २००१ मध्ये दिवाळं निघालं.

त्याच महिन्यात वेबव्हॅन बंद झाली. ऑनलाइन ऑर्डर घेऊन भाजी-किराणा घरपोच देणारी कंपनी. पहिल्या गावात धंदा बसायच्या आधीच गोदामं बांधायचा १०० कोटी डॉलरचा करार करून मोकळी! आपल्या भाषेत सांगायचं तर रोपं लावायच्या आधीच कोल्ड स्टोरेज. मार्च २००० मध्ये ५,००० च्या वर गेलेला नॅस्डॅक ऑक्टोबर २००२ पर्यंत १,१०० च्या आसपास आला.

आता बघा, रेडिओ खोटा नव्हता. घरपोच भाजीची कल्पनापण खोटी नव्हती, आज शहरात तेच चाललंय. खोटा होता तो हिशोब. गिऱ्हाईक येईल या भरवशावर खर्च आधी. मेट्रिकॉम बुडाली तरी खोकी खांबांवर तशीच लटकत राहिली, धडधाकट पण मुकी. माझ्या बागेतल्यासारखी.

हे आज लिहायचं कारण, उद्या आमच्या गटाची बैठक आहे. नवी कंपनी आलीय. म्हणते, खांब फुकट, वर्षाची वर्गणी तेवढी द्या. तरुण पोरं तयार आहेत. मी आडवा पडणार नाही. यंत्रानं दोन वर्षं माझ्या चार-पाच फवारण्या वाचवल्या होत्या, ते विसरून कसं चालेल? पण तीन गोष्टी लेखी मागणार आहे:

१. इंटरनेट नसलं तरी आकडा खांबावरच दिसला पाहिजे.
२. आमच्या बागेची नोंद आम्हाला दर महिन्याला फाईलमध्ये मिळाली पाहिजे.
३. उद्या कंपनी बंद झाली तर यंत्र दुसऱ्या सर्व्हरला जोडायची मोकळीक पाहिजे.

"कंपनी बंद पडेल असं कशाला बोलता?" असं कुणीतरी म्हणणारच. आपण पिकाचा विमा काढतो तेव्हा पीक बुडावं म्हणून काढतो का?

तोवर माझं जुनं चालू आहे. पहाटे बागेत जायचं, पान उलटायचं, तेलकट डाग दिसतो का बघायचं, किती वाजता पान सुकलं ते वहीत लिहायचं. आज साडेनऊला सुकलं. फवारणी दुपारच्या आत उरकली.

तुमच्या बागेत असा मुका खांब आहे का? असेल तर खाली लिहा, उद्या बैठकीत वाचून दाखवीन.