राक्षसाविषयी माया

चित्रकथेतील राक्षसाचे भय वाटावे हे स्वाभाविक. पण त्याच्याविषयी माया का वाटावी? ‘स्वॅम्प थिंग’ या अमेरिकन भयकथामालेचेच पाहा. १९७२ सालच्या मालिकेत दलदलीतील हा शेवाळाने माखलेला नायक पूर्वाश्रमीचा शास्त्रज्ञ होता. १९८४ साली लेखक ॲलन मूर यांनी उलगडा केला : शास्त्रज्ञ केव्हाच मेला, ही त्याच्या स्मृती बाळगणारी, स्वतःस माणूस समजणारी वनस्पती आहे! हे कळताच नायक खचतो. तथापि माणसांवर संकट येताच धावून जातो.

शाळकरी वयात माझ्या चेहऱ्यावर कोड उमटले, तेव्हा सोबती दूर बसू लागले. मीही आरसा टाळू लागलो. पुढे ही कथा वाचली. माणूसपण कातडीत नव्हे, वागणुकीत शोधावे, असे वाटले. त्या रात्री आरशासमोर मी पुष्कळ वेळ उभा होतो.