रुजू झाल्यानंतरचं

चि. मनू,


तुझं पत्र मिळालं. तृतीयपंथी, अपंग, संसारापायी नोकरी सुटलेल्या बायका अशा सगळ्यांची भरती करणार म्हणतेस. बरं वाटलं. पण पत्रभर जाहिरात, मुलाखती आणि ऑफर लेटरंच आहेत. ती माणसं रुजू झाल्यावर काय, यावर एक ओळही नाही. माझी सगळी नोकरी पर्सोनेलमध्ये गेली, त्यामुळे नजर आधी तिथेच गेली.

कोची मेट्रोचं आठवतंय? जून २०१७ मध्ये मेट्रो सुरू झाली तेव्हा २३ तृतीयपंथींना नोकऱ्या दिल्या होत्या, तिकीट खिडकीवर आणि साफसफाईच्या कामात. देशभर कौतुक झालं आणि ते रास्तच होतं. पण महिना संपायच्या आतच बातमी आली, आठ जणांनी काम सोडलं. काम जमत नव्हतं म्हणून नव्हे, राहायला खोली मिळेना म्हणून. घरमालक दारातूनच परत पाठवत. लॉजवर राहायचं तर रोजचे काही शे रुपये; पगारातलं मग उरणार काय? नेमणूक करताना मेट्रोने मन मोठं केलं होतं, पण ड्यूटी संपल्यावर ही माणसं कुठे जातील, हा प्रश्न वेळेत कुणी विचारला नव्हता. राहण्याच्या सोयीसाठी धावपळ झाली ती बोभाटा झाल्यावर.

आमच्या कारखान्यात असेंब्ली लाइनवर पहिल्यांदा मुली घेतल्या, तेव्हाही थाटात स्वागत झालं होतं. बायकांचं स्वच्छतागृह मात्र ऑफिसच्या इमारतीत, शॉपपासून चांगलंच लांब. चहाची सुट्टी दहा मिनिटांची. जाऊन येईपर्यंत बेल व्हायची आणि सुपरवायझर उशिराची नोंद करायचा. मग मुली पाणीच कमी प्यायला लागल्या. काही महिन्यांत निम्म्या गेल्या. राजीनाम्यावर प्रत्येकीने लिहिलं, ‘वैयक्तिक कारण’. साहेबांनी निष्कर्ष काढला, बायका टिकत नाहीत. पुढच्या भरतीत मुलींचे अर्ज बाजूलाच पडले. मला सगळ्यात भीती वाटते ती याची. नुसती भरती करून थांबलं, की गेलेल्या माणसाचं जाणंच पुढच्याच्या विरोधातला पुरावा होतं.

बायका परत कामावर आणतेस, तर पाळणाघराचं काय? पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे ती सोय हवीच, अशी दुरुस्ती कायद्यात २०१७ मध्येच झाली. कागदोपत्री पाळणाघर असलेल्या खोलीत जुने कॉम्प्युटर रचून ठेवलेले मी पाहिलेत. तृतीयपंथींसाठीच्या २०१९ च्या कायद्याने तक्रार अधिकारीही नेमायला सांगितलाय. तो कोण, हे तुमच्या वॉचमनलासुद्धा माहीत असायला हवं.

आणि तुमच्या अहवालात ‘किती घेतले’ हा रकाना ठळक असेल. त्याच्या शेजारी वर्षाअखेर किती राहिले, कोण का गेलं आणि बढती कुणाला मिळाली, हेही लिहायला लाव. एमडींना आवडणार नाही. तरी लाव.

ऑफर लेटरं जाण्याआधी शॉपमधल्या सुपरवायझरांना बसवून बोल. त्यांच्या शंका बावळट वाटल्या तरी ऐकून घे, कारण या माणसांचा रोजचा दिवस त्यांच्याच हातात असणार आहे. खोल्यांचं म्हणशील तर इकडचे दोन-तीन घरमालक माझ्या ओळखीचे आहेत. किती जणांची सोय लागेल ते कळव, मी आधी बोलून ठेवते.

तुझी,
मावशी