बझर वाजतो, बोलत नाहीं

‘बझर’ हा शब्द मराठींत आतां इतका रुळला आहे कीं तो परका वाटत नाहीं. इंग्रजींत मधमाशीच्या गुणगुणण्यास ‘बझ’ म्हणतात. त्यावरून गुणगुणणारा तो बझर. जुन्या विजेच्या बझरांत तारेचें वेटोळें असे. कळ दाबतांच तें चुंबक बनून लोखंडी पट्टीस ओढी. पट्टी सरकली कीं वीज तुटे, पट्टी मागें जाई व वीज पुनः सुरू होई. ही ये-जा इतक्या वेगानें चाले कीं तिचीच गुणगुण ऐकूं येई.

उत्तर इंग्लंडांत कारखान्याच्या भोंग्यासही बझर म्हणत. मुंबईच्या गिरण्यांचा भोंगा हा त्याचाच भाऊबंद. तो हजारों कामगारांस एकदम हांक मारी. १८ जानेवारी १९८२ रोजीं गिरणी कामगारांचा मोठा संप सुरू झाला. पुढें एकामागून एक गिरण्या बंद पडल्या, आणि भोंगेही मुके झाले.

बझर मात्र आमच्या उपनगरांत जागोजागीं आहे. अंधेरीच्या कचेरींत तो शिपायास बोलावितो. मुलुंड-बोरिवलीच्या उंच इमारतींत लिफ्टमध्यें माणसें अधिक झालीं कीं तो कुरकुरतो. पण कोणीं उतरावें, हें सांगत नाहीं. तें आंतल्या माणसांनींच ठरवावयाचें. आणि बहुधा डोक्यावर ओझें असलेला गडीच उतरतो, असें आम्ही पाहतों.

आमच्या एका विद्यार्थिनीची आई रुग्णालयांत परिचारिका आहे. तिनें आम्हांस सांगितलें कीं, बझरावरून खाट कोणती तें कळतें. दुखणें काय, तें जवळ जाऊन विचारावें लागतें.

प्रश्नमंजूषेंतही हेंच. कित्येक मुलें प्रश्न पुरा होण्यापूर्वींच बझर दाबितात व मग छताकडे पाहत बसतात! बझरानें बोलण्याची पाळी मिळते. उत्तर मिळत नाहीं.

सारांश, बझर केवळ वाजतो. बोलावयाचें काम माणसाचें. मुलांनो, तुमच्यापैकीं कांहींजण उद्यां मोठ्या मेजापाशीं बसाल व तुमच्या हाताखालीं कळ असेल. ती दाबल्यावर जो आंत येईल, त्यास त्याच्या नांवानें हांक मारा. असाच कोणाचा तरी पिता या क्षणीं कोठें तरी बझर ऐकून उठत असेल, आणि त्याचें मूल तुमच्याच बांकावर बसलें असेल.