पाचवे चाक

धागा लांब आहे, सवडीने वाचावा. आज किल्ला नाही, ताम्रपट नाही, लढाईही नाही. विषय आहे एक लोखंडी वस्तू. गेल्या महिन्यात ती एका पिकअप ट्रकच्या हौद्यातून उतरवताना माझ्या करंगळीचे नख काळे पडले आणि अनेक वर्षे पुस्तकात वाचलेली एक गोष्ट प्रथमच नीट समजली.

मी मिशिगनमध्ये, डेट्रॉइटपासून तासाभराच्या अंतरावर राहतो. शेजारी एक वृद्ध गृहस्थ आहेत. येथे सारे एकमेकांना नावाने हाक मारतात, मीही मारतो; मनात मात्र त्यांना आजोबाच म्हणतो. त्यांच्या ट्रकच्या हौद्यात, मागील आसाच्या बरोबर वर, सुमारे सत्तर किलोंचा एक सांगाडा पिनांनी बसवलेला होता. घराएवढा ट्रेलर ओढण्याची ही कडी. तिला इंग्रजीत ‘फिफ्थ व्हील’, म्हणजे पाचवे चाक म्हणतात. ट्रेलर विकला गेला होता आणि बर्फ पडण्यापूर्वी कडी काढायची होती. मी उत्साहाने होकार दिला.

आता पहिला प्रश्न. या वस्तूला चाक का म्हणावे? ती गोल नाही, फिरतही नाही. वर घोड्याच्या नालासारखी फट असलेली एक जाड पत्र्याची थाळी, तिच्या पोटात दोन जबडे आणि खाली चार पाय, एवढाच तिचा संसार.

उत्तर घोडागाडीत आहे. दोनचाकी गाडी सहज वळते. चारचाकी गाडीला वळायचे असेल, तर पुढचा आस गाडीखाली फिरला पाहिजे, आणि फिरताना त्याने गाडीचे वजनही पेलले पाहिजे. त्यासाठी आसावर एक लोखंडी कडे आणि गाडीच्या तळाशी दुसरे, अशी दोन कडी एकमेकांवर टेकवीत. मध्ये ग्रीस किंवा चरबी. जमिनीवर धावणारी चाके चार आणि गाडीखाली आडवे पडलेले हे पाचवे. नाव तेथून आले. कडे गेले, थाळी आली, तरी नाव हलले नाही. भाषा जुनी माणसे अशीच सांभाळते.

मोटारींच्या जगात ही कल्पना लवकरच शिरली. क्लीव्हलंडचे अलेक्झांडर विंटन १८९८ च्या सुमारास मोटारी विकू लागले, तेव्हा अडचण अशी होती की नवी मोटार दूरच्या ग्राहकाकडे चालवत न्यावी तर ती पोचेपर्यंत जुनी व्हायची. म्हणून त्यांनी एका मोटारीच्या मागील भागावर टेकणारा गाडा बनवला आणि त्यावर नवी मोटार चढवली. पुढे १९१४ मध्ये डेट्रॉइटच्या सिब्ली नावाच्या लाकूड-व्यापाऱ्याला आपली नाव तळ्याकाठी न्यायची होती. त्याने ऑगस्ट फ्रुहॉफ या लोहाराला गाठले. फ्रुहॉफने फोर्डच्या मॉडेल टी मोटारीमागे जोडायचा दोनचाकी गाडा करून दिला. तो इतका सोयीचा ठरला की सिब्लीने लाकडासाठीही तसेच गाडे मागवले. ‘सेमी-ट्रेलर’ हा शब्द तेथे रुजला. १९१५ च्या सुमारास चार्ल्स मार्टिन याने पुढे-मागे डुलणारी थाळी बनवली. रस्ता खालीवर झाला तरी जोड मोडू नये, हा तिचा हेतू.

‘सेमी’ म्हणजे अर्धा. ट्रेलर स्वतःच्या चाकांवर पुरता उभा राहत नाही. वजनाचा एक हिस्सा पुढच्या गाडीच्या पाठीवर टाकतो. येथे मला लहानपणीच्या, साखर कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या बैलगाड्या आठवल्या. बैलगाडीही अशीच अर्धी! दोन चाके मागे आणि उरलेला भार जुवातून बैलांच्या मानेवर. ऊस मागे जास्त भरला की गाडी उलाळ होते, दांडी वर उचलली जाते आणि जोते बैलांचे गळे आवळते. पुढे जास्त भरला तर बैल दबतात. गाडीवान दोन मोळ्या पुढे-मागे सरकवतो, तो नेमके हेच गणित सोडवत असतो. येथील ट्रेलरचे गणितही वेगळे नाही. पाचव्या चाकावर ट्रेलरच्या वजनाचा साधारण १५ ते २५ टक्के भार यावा लागतो आणि तो ट्रकच्या मागील आसावर पडावा लागतो. बंपरला मागे अडकवलेल्या कडीवर तो आसाच्या बराच मागे पडतो, म्हणून तेथे १० ते १५ टक्केच चालतो. त्याहून अधिक झाला तर ट्रकचेच तोंड वर उचलू लागते.

एक मजेची गोष्ट राहिली. विमानविद्येतील अग्रणी ग्लेन कर्टिस यांनी आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत प्रवासी ट्रेलर बनवले. त्यांच्या जोडात विमानाचे हवेने भरलेले टायर आडवे बसवलेले असे आणि ट्रेलरचा खुंटा त्याच्या मध्यात उतरे. धक्के टायर खाई. म्हणजे नाव मिळाल्यावर कित्येक वर्षांनी पाचवे चाक एकदाचे खरोखरीचे चाक झाले!

असो. पहिल्या दिवशी मी एकट्यानेच हात घातला. थाळी पायांपासून सुटी होते. दोन पिना काढल्या की झाले. एक पिन निघाली, दुसरी निघेना. तेल सोडले, हातोडीने ठोकली, शेवटी पहार लावली. पिन सुटली त्याच क्षणी थाळी कलली आणि माझे बोट तिच्याखाली सापडले. सुदैव की फक्त नखच गेले.

आजोबा बाहेर आले. रागावले नाहीत. म्हणाले, “पिन गंजलेली नव्हती. तिच्यावर ओझे रेललेले होते. आधी ओझे उचलायचे, मग पिन ओढायची.”

मी सुचवले की गॅरेजच्या छताच्या लाकडी कैचीला साखळी बांधून उचलू. त्यांनी साफ नकार दिला. ती कैची छतावर सर्वत्र पसरलेल्या बर्फासाठी असते, एका जागी लोंबणाऱ्या लोखंडासाठी नव्हे. दुसऱ्या दिवशी त्यांनी नोकरीच्या काळातील एक घोडी बाहेर काढली. दोन्ही बाजूंना ‘ए’ अक्षरासारखे पाय, वर आडवी तुळई आणि तुळईला साखळीची कप्पी. आपल्याकडचे मेस्त्री जिला चेन कुप्पी म्हणतात ती.

मागचे फळकूट काढून ट्रक घोडीखाली मागे घेतला. सांगाड्याला पट्टा बांधून साखळी ताणली. पट्टा नुसता ताठ झाला आणि खालच्या चारही पिना बोटांनी निघाल्या. मी अजून विचार करत होतो की हे धूड आता हौद्यातून मागे सरकवत आणायचे कसे. आजोबांनी ते चार बोटे उचलले आणि मला म्हणाले, “आता ट्रक पुढे ने. हळू.” ओझे जागेवरच राहिले, ट्रक खालून निघून गेला.

हौदा रिकामा झाला तेव्हा डाव्या भिंतीवर पांढऱ्या रंगाने लिहिलेले काही शब्द दिसले. आजवर ते सांगाड्याआड होते. जबडा. पिन. वायर. पाय. ओढून पाहा. अक्षर बाईचे होते. ट्रेलर जोडल्यावर आजी हे पाचही शब्द मोठ्याने वाचत आणि आजोबा एकेक तपासून ‘हो’ म्हणत. तीस वर्षे हा क्रम चालला.

दोन वर्षांपूर्वी आजी गेल्या. गेल्या वसंतात आजोबा एकटेच निघाले. जबडा मिटला की नाही हे पाहायचे राहिले. ट्रक पुढे सरकला आणि ट्रेलरचे नाक हौद्याच्या कडांवर आदळले. मागे कोणी उभे नव्हते, एवढेच नशीब. कडांना पडलेले दोन्ही पोचे मी आधीच पाहिले होते. विचारले मात्र नव्हते.

संध्याकाळी सांगाडा खाली फळीवर उतरवला. थाळीवरचे जुने ग्रीस पुसून जबड्यांना नवे लावले, वर ताडपत्री बांधली. आजोबांनी पाइप आणून हौदा धुतला. डाव्या भिंतीवर पाणी मारताना त्यांनी पाइपच्या तोंडावरचा अंगठा काढून धार हलकी केली.